अडीच फुटाचं स्थळ

काकांची काठी टेकायला बुटकी होती. बरोबर अडीच फूट. ती टेकून चालायचं म्हटलं तर माणसाला अर्धं वाकावं लागलं असतं, आणि काका वाकणाऱ्यातले नव्हते. म्हणून ते ती काखेत धरून चालत, एखाद्या फौजदारासारखी. सागवानी काठी, दोन्ही टोकांना पितळी टोप्या. नव्या माणसाला वाटे, म्हाताऱ्याला कुत्र्यांची भीती असावी. कारंजा गावातल्या जुन्या माणसांना ठाऊक होतं की ती काठी नाही, रेल्वे आहे. आमच्या भागातून जी छोटी लाइन जायची तिच्या दोन रुळांमधलं अंतर अडीच फूट. लाइन बंद पडली तेव्हा काकांनी ते अंतर तेवढं घरी आणून ठेवलं होतं.

ते अंतर ते कुठेही लावून पाहत. बँकेच्या दाराला, दवाखान्यातल्या खाटेला, कुणाच्या सुनेच्या नव्या कपाटाला. मग नुसतं म्हणत, "हे बसते," किंवा "हे नाही बसत," आणि पुढे चालू लागत. लोकांनी त्यांचं नाव अडीचफुटे पाडलं होतं. पोस्टमन त्या नावावर आलेली पत्रंही बिनचूक आणून देई. मी एकदा घाबरत विचारलं, "काका, राग नाही का येत?" तर म्हणाले, "आडनाव बापानं देल्लं. हे मी कमावलं."

माझी त्यांची गाठ पडली तीही काठीमुळेच. मी शिरपूरचा. शाळा नववीत सोडली, तीही दिवाळीच्या आधी. मंगरूळपीर रस्त्यावर ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या बनवायचा एक कारखाना होता, तिथे वेल्डिंगला लागलो आणि तिथेच माझं मिसरूड फुटलं, लग्न झालं, पोरगीही झाली. पण कुणी "शिक्षण किती?" विचारलं की मी नजर खाली घालायचो. अजूनही घालतो. काका त्या दिवशी काठीची उकललेली पितळी टोपी डाग द्यायला घेऊन आले होते. मी डाग देईपर्यंत त्यांनी खिशातून बोटभर हातोडी काढली, मी जोडलेल्या ट्रॉलीवर एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत टक टक करत गेले आणि कान लावून ऐकत राहिले.

"कोनं जोडली?"

"मी."

"शाया किती शिकला?"

मी हातातल्या टोपीकडे बघत म्हटलं, "नववी. तीबी अर्धी."

"बरं झालं," काका म्हणाले. "पुढं शिकला असता तं इंजिनेर झाला असता, न् मंग लोखंडाले हात नसता लावला."

माझ्या अर्ध्या नववीला कुणी बरं म्हटल्याची ती पहिली वेळ.

काका त्या छोट्या लाइनवर फिटर होते. सगळी जवानी वाफेच्या इंजिनांच्या पोटाशी गेली. त्यामुळे माणसांचं बोललेलं त्यांना कमी ऐकू येई. लोखंडाचं मात्र सगळं ऐकू येई. काकू हाका मारून थकत, पण शेजारच्या आळीत कुणाच्या हातून तवा पडला तरी काका मान वर करून म्हणत, "बिडाचा हाय." आधी वाफेची इंजिनं गेली, मग डिझेलचं आलं, मग तेही गेलं, मग गाडीच गेली. राहिले रूळ, आणि रुळांमध्ये बाभळी. काका निवृत्त होऊन घरच्या वाडीत आले. वाडी म्हणजे दीड एकर भाजीपाला. वांगी, सांभार म्हणजे कोथिंबीर, कारली. तिथे काकूंचं राज्य होतं. काकांना तिथे पाणी सोडण्यापलीकडे अधिकार नव्हता, आणि पाणीही ते बोअरच्या पाइपाला कान लावून ऐकत बसत.

त्या बंद लाइनवर थोड्या अंतरापुरती का होईना, जुन्या वळणाची वाफेची गाडी चालवावी, लोक बघायला येतील, असा अर्ज काकांनी केला. एकदा नाही, अनेकदा. शेवटी कुठल्याशा कार्यालयातून उत्तर आलं: योग्य इंजिन उपलब्ध झाल्यास प्रस्तावाचा यथावकाश विचार करण्यात येईल.

जो आयुष्यात एकदा तरी कचेरीचा जिना चढला आहे, त्याला या वाक्याचा अर्थ सांगायला नको. काकूंना तर जिना न चढताही कळला.

"हे तं नाही म्हनून राह्यले," त्या म्हणाल्या.

"नाही म्हनाचं असतं तं नाही म्हनले असते," काका म्हणाले. "एवढं लांब कायले लिवतीन? हे पाय, योग्य म्हनते. म्हन्जे पसंतीचं दाखवा म्हनते. वरपक्ष असाच बोलते."

त्यांनी ते पत्र प्लास्टिकमध्ये मढवून घेतलं आणि त्या दिवसापासून इंजिन शोधणं म्हणजे स्थळ शोधणं झालं. हे मी गंमत म्हणून लिहीत नाही. काका खरोखर तसंच करत. एक फाइल होती. तिच्यावर श्री गणेशाय नमः. आत एकेका इंजिनाचा फोटो, खाली जन्मसाल, घराणं कुठलं, सध्या कुणाकडे, चाकं किती, तब्येत कशी. कुणी फोनवर फोटो पाठवला की काका झेरॉक्सच्या दुकानात जाऊन तो छापून घेत. पाहायला जाताना पिशवीत नारळ, तांदूळ आणि हळदकुंकू असे. आणि बरोबर मी. कारखान्याचा मालक मला सुट्टी देई, कारण काकांनी त्याच्या प्रत्येक ट्रॉलीला फुकट कान लावला होता.

"तुले कायले नेतो, माईत हाय का?" काकांनी पहिल्याच खेपेला एस.टी.त सांगितलं. "तू भट्टीच्या दारातून आत जातं. बाकी समदे पोटावाले हायेत."

भट्टी म्हणजे इंजिनात कोळसा जळतो ती लोखंडी पेटी. तिचं दार आपल्या भिंतीतल्या देवळीएवढं. बॉयलरचं खरं दुखणं तिथे आत शिरूनच कळतं.

काकांना काय पाहिजे होतं, ते फार नव्हतं. डोळे मिटायच्या आधी एक इंजिन स्वतःच्या वाफेने हललेलं पाहायचं होतं. "काठीएवढं हाललं तरी चालीन," म्हणत.

स्थळं पुष्कळ पाहिली. एक होतं बंद पडलेल्या साखर कारखान्याच्या मागे, गाजरगवतात. रखवालदाराने कौतुकाने गवत बाजूला केलं. काकांनी काठी दोन चाकांच्या मधे धरली. ती बसेना. चाकं दोन फुटांची होती.

"पोरगी चांगली हाय," काका म्हणाले. "गोत्र नाही जुयत. लग्नात एक गोत्र निंघालं तं मोडते; इथं एक निंघालं तरच होते."

"मंग चाकं थोडी सरकवून घ्या ना, बाबा," रखवालदार म्हणाला. "अर्ध्या फुटाचा तं सवाल हाय."

काकांनी त्याच्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. "तुह्या दोन पायांत अर्धा फूट वाढवला तं चालशीन का तू?"

तरी नारळ त्यांनी ठेवलाच. नाकारलेल्या मुलीच्या घरचा चहा पिऊन यावं तसं ते प्रत्येक इंजिनासमोर नारळ ठेवून येत. दुसरं एक होतं एका बागेत, चौथऱ्यावर. दर वर्षी झेंडावंदनाला रंग देऊन देऊन त्याचे खिळेसुद्धा दिसेनासे झाले होते. मी भट्टीच्या दारातून डोकं घातलं तर आत सिमेंट भरलेलं, त्यावर मांजर व्यालेलं. काकांनी बाहेरून हातोडी वाजवली आणि माझ्याआधीच म्हणाले, "समदी पावडर हाय. चाल."

घरी परतलो की काकू कारल्याच्या मांडवाखाली उभ्या असत. तो मांडव सांगायला हवा. त्याच्या मधल्या खांबाच्या जागी छोट्या लाइनचा एक रूळ पुरलेला होता. गावात कुणी रुळाचा तुकडा गोठ्याला लावला तर काका त्याच्या दारात जाऊन भांडत. आपल्या घरचा मात्र "लिलावातला हाय" म्हणत. तो लिलाव कधी झाला हे कुणाला आठवत नव्हतं.

"पसंत पडली का?" काकू विचारत.

"नाही."

"मले तं यायनं एकदा पाहून हो म्हटलं होतं," काकू माझ्याकडे वळून म्हणत. "हातोडी नव्हती ना तवा."

मग ते मंगल कार्यालय आलं.

दोन एस.ट्या बदलून जावं लागलं. कार्यालयाच्या मालकाने कुठल्याशा कारखान्याच्या भंगारातून एक इंजिन घेऊन अंगणात उभं केलं होतं, नवरानवरीला फोटो काढायला. आता त्याला तिथे कारंजं आणि पंखांची मोठी जोडी बसवायची होती, कारण आजकाल लोक फोटोत पाठीमागे पंख मागतात. "फुकट घेऊन जा," तो फोनवर म्हणाला होता. "फक्त दिवाळीच्या आत हलवा, नाही तर मी भंगारवाल्याला सांगतो."

आम्ही पोचलो तर तिथे लग्न लागायचं होतं. इंजिनाला झेंडूच्या माळा. पायरीवर नवरानवरी, समोर फोटोवाला. काकांनी "जरा सरका, बाई" म्हणत नवरीच्या शालूशेजारून वाकून काठी चाकांत धरली.

काठी बसली. चट्‌ आवाज झाला दोन्ही पितळी टोप्यांचा.

काका वाकलेलेच राहिले. मी त्यांना इतका वेळ वाकलेलं कधी पाहिलं नव्हतं. उठले तेव्हा डोळे पुसले आणि म्हणाले, "धूर गेला डोयात." धूर कुठे होता?

पण अजून बॉयलर वाजवायचा होता आणि बँड जोरात चालू होता. काका सरळ बँडवाल्यांसमोर गेले. "दहा मिनिटं बंद ठेवता का? आमी पोरगी पाहून राह्यलो." बँडमास्तर इतका गोंधळला की त्याने खरंच थांबवला. मी शर्ट काढला आणि भट्टीत शिरलो.

आत पत्रावळी होत्या, चिमणीचं घरटं होतं, कुणाच्या तरी जुन्या लग्नातली वरमाला होती. मी वरून सुरुवात केली. छताचा पत्रा घंटेसारखा वाजला. बाजूंचे बरे वाजले. मग खाली आलो, जिथे वर्षानुवर्षं ओली राख बसून राहिली होती. तिथे हातोडी मारली तर आवाज आला भाकरीवर थाप मारावी तसा. छिन्नीने खरवडलं. गंजाचे पापुद्रे निघत गेले, निघत गेले, आणि शेवटी छिन्नीचं टोक पलीकडे गेलं.

मी तसाच बसून राहिलो. बाहेरून काका ओरडले, "काय म्हनते बे?"

तेव्हा मला सगळ्याचीच भीती वाटायची. मालकाची, फॉर्मची, "सही कर" म्हणणाऱ्या माणसाची. पण त्या लोखंडी पेटीत बसून मला वाटलं तशी भीती कधी वाटली नव्हती. मी "ठीक आहे" म्हटलं असतं तर कुणाला कळणार होतं? काका खूश झाले असते. आणि मग, कुणी तपासायला येण्याची वाट न पाहता, त्यांनी ते एक दिवस पेटवलं असतं. आजूबाजूला गावातली पोरं जमवून, पत्र्याला कान लावून. आणि असा पत्रा वाफेच्या जोराने फुटतो. तो कान मला दिसला.

बाहेर आलो. अंगभर काजळी. फोटोवाला वैतागला, नवरी हसायला लागली. मी म्हटलं, "काका, नाही."

"काय?"

माणसांचं त्यांना ऐकू येत नसे हे मी विसरलोच होतो. मी जीव खाऊन ओरडलो, "नाही! नाही जमत!"

बँड बंद होता. आत मांडवात गुरुजींनी माईक हातात घेतला होता. सगळं लग्न गप्प झालं. नवरदेवाचा मामा धावत आला, "कोन म्हनते नाही? काय झालं?" एका बाईच्या हातातल्या अक्षता सांडल्या. त्या मामाला हे इंजिनाबद्दल चाललंय एवढं समजवायला आम्हाला जेवणाची पंगत लागेपर्यंतचा वेळ लागला.

काकांनी नारळ ठेवला. येताना ते एस.टी.त माझ्या शेजारी बसले नाहीत, पुढच्या सीटवर बसले. काठी मात्र माझ्याजवळ राहिली होती. ती मी कारंजा येईपर्यंत मांडीवर धरून आलो. स्टँडवर त्यांनी ती माझ्याकडे न बघता घेतली. त्यानंतर कितीतरी दिवस ते कारखान्याकडे फिरकले नाहीत. मी ट्रॉल्या जोडत होतो आणि मनात रोज सकाळी ठरवत होतो, जाऊन सांगावं की माझी चूक झाली, परत पाहू. रोज संध्याकाळी छिन्नीचं ते टोक आठवायचं.

दिवाळी तोंडावर असताना आमच्याच कारखान्यासमोर एक लांब ट्रेलर थांबला. त्याच्यावर इंजिन. माळा वाळलेल्या, पण तशाच. केबिनमधून काका उतरले.

"काका, मी नाही म्हटलं होतं ना?"

"तू वाफेले नाही म्हटलं. इंजिनाले कोन नाही म्हटलं? पोरीत खोट हाय म्हनून कसायाच्या दारी बांधाची का?"

वांग्यांच्या दोन ओळी काढून तिथे रुळांचे दोन तुकडे टाकले आणि इंजिन वाडीत उभं केलं. टेका द्यायला अजून एक तुकडा हवा होता. काकांची नजर मांडवाकडे गेली.

"त्याले हात लावला तं मी माहेरी जाईन," काकू म्हणाल्या.

"कशी जाशीन? लाइन बंद हाय."

"मंग चालू करा आधी. तोवर कारली तिथंच राह्यतीन."

रूळ तिथेच राहिला.

इंजिन आलं, तरी काका माझ्याशी मोजकंच बोलत. मग एक दिवस त्यांनी मला एक पाकीट दिलं. तमिळनाडूत बॉयलर बनवायचा कारखाना होता, तिथे त्यांच्या शेडमधल्या जुन्या तमिळ सोबत्याचा मुलगा मोठ्या हुद्द्यावर होता. "जाय. तिथं बॉयलरच्या वेल्डिंगची परीक्षा घेतात. शायेचा कागद नाही मागत, हात पायतात."

"काका, मला नाही जमणार. भाषा नाही येत."

"लोखंडाची येते ना."

मी तीन दिवसांचा प्रवास असल्यासारखा रडत गेलो. होता दीड दिवसाचा. त्या साहेबाने पाकीट उघडलं. पत्र मराठीत. तो म्हणाला, तूच वाचून हिंदीत सांग. स्वतःची शिफारस स्वतःच्या मोडक्या हिंदीत वाचायची. घामाने कागद भिजला. पत्रात चार ओळी होत्या: "ह्या मानसाले फुकटचं इंजिन भेटत होतं. म्हातारा समोर उभा होता. तरी ह्यानं नाही म्हटलं. अशी मानसं बॉयलरजवळ ठेवाव." साहेबाने पत्राची घडी घालून खिशात ठेवली. मग म्हणाला, "कल से आ जाओ."

परीक्षा मी पास झालो. आयुष्यातली पास झालेली माझी एकुलती एक परीक्षा. आज माझी पोरगी इथल्या शाळेत जाते, तमिळमध्ये भांडते आणि पाढे माझ्यापेक्षा लवकर म्हणते. हे सगळं त्या चार ओळींवर उभं आहे, म्हणून मी रोज एकदा तरी घाबरतो आणि रोज एकदा तरी मनातल्या मनात हात जोडतो.

काका दर महिन्याला फोन करत. "कसा हायस" वगैरे नाही. फोन उचलला की आधी टक, टक, टक. इंजिनाच्या भट्टीत हात घालून ते खालचा पत्रा वाजवत आणि फोन तिथे धरत.

"आयकलं? काय म्हनते?"

भाकरीवर थाप. "नाही, काका."

"हां. बरोबर हाय," म्हणत आणि ठेवून देत. ते माझा कान तपासत होते की पत्र्याला अजून एक संधी देत होते, मला कधी कळलं नाही.

यंदा काका बांधावरून पडले. कंबर गेली. खाटेवर आहेत. मागच्या महिन्यात फोन आला तो काकूंचा.

"त्यायले उठता येत नाही," त्या म्हणाल्या. "मीच वाजवतो. तू सांग फक्त. अन् जरा जोरात सांग, फोन त्यायच्या उशाजवळ हाय." मग आवाज बारीक केला. "चांगलं असन तं चांगलं सांग, बापू. लय दिवस झाले, हो म्हनून कोनी सांगतलं नाही त्यायले."

टक. टक. टक.

आवाज स्वच्छ आला. भरीव, लांब, घंटेसारखा. मी उठून उभा राहिलो. गंजलेला पत्रा असा वाजत नाही. काय वाटेल ते झालं तरी वाजत नाही. आणि मग लक्षात आलं की खाटेवरच्या माणसाच्या उशाशी फोन ठेवून काकू वाडीच्या दुसऱ्या टोकाला इंजिनापर्यंत जाऊच शकत नाहीत. खाट कारल्याच्या मांडवाला लागून असते.

मला विचारलं होतं की जे ऐकू येतंय ते लोखंड कसं आहे. ते लोखंड चांगलं होतं.

"चांगलं आहे, काकू," मी मोठ्याने म्हटलं. माझ्या आयुष्यातलं सगळ्यात खरं खोटं.

मग उशीवरून काकांचा आवाज आला. अशक्त, पण चिडलेला.

"तो मांडवाचा रूळ हाय! मी काय बहिरा हाव का? त्याले म्हना, बॉयलरचं सांग!"

मी ओरडलो, त्या लग्नात ओरडलो होतो तसा. "नाही, काका! अजून नाही!"

"हां," काका म्हणाले. "बरोबर हाय. आता खालचा पत्रा घेऊन कवा येतं, ते सांग."

त्यांनी मला इतक्या लांब माझ्या भल्यासाठी धाडलं की त्या खालच्या पत्र्यासाठी, हे मी त्यांना अजून विचारलेलं नाही. पत्रा मात्र कापून ठेवला आहे. रुंदी अडीच फुटांहून थोडी कमीच लागते. सुट्टीचा अर्जही दिला आहे, आणि साहेब म्हणाले आहेत, विचार करू.